दोन ध्रुवांवरच्या माशांचे नाते उलगडून दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

अंटार्क्टिकाचे नोटोथेनिऑइड मासे आणि आर्क्टिक कॉड यांच्या रक्तातले गोठणरोधी (रक्ताचा बर्फ होऊ न देणारे) प्रथिन जवळजवळ एकसारखे असताना त्यांना जवळचे नातलग का मानू नये, हा माझ्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचा प्रश्न मी आपल्याला कळवला, तेव्हा दोन ओळींचे उत्तरही पुरले असते. आपण मात्र दोन्ही जनुकांचे क्रम एकाखाली एक मांडून, खुणा करून पाठवलेत आणि वर्गाशी ऑनलाइन बोलण्यासाठी सुट्टीची सकाळ दिलीत. त्याबद्दल आपले जाहीर आभार.

उणे 1.9 अंश सेल्सिअसपर्यंत उतरणाऱ्या समुद्रात बर्फाच्या कणांना चिकटून त्यांची वाढ रोखणारे हे प्रथिन म्हणजे थ्रिओनिन-अ‍ॅलनिन-अ‍ॅलनिन या त्रिकुटाची लांबलचक माळ, आणि ती दोन्हीकडे तीच. आपण मुलांना प्रथिनावरून जनुकाकडे नेलेत. या दोन्ही अमिनो आम्लांना प्रत्येकी चार कोडॉन, म्हणजे जनुकातले तीन अक्षरी संकेत, उपलब्ध आहेत. त्यांतून दोन्ही माशांत प्रामुख्याने वापरलेले कोडॉन वेगळे, माळेच्या तुकड्यांमधले दुवे वेगळे, आणि प्रथिनाला पेशीबाहेर नेणारा सुरुवातीचा भागही वेगळा. अंटार्क्टिक माशांत तो भाग आणि जनुकाचे शेवटचे टोक ट्रिप्सिनोजेन या स्वादुपिंडातल्या पाचक प्रथिनाच्या जनुकाशी जुळते. कॉडमध्ये त्याचा मागमूस नाही. चेन, डीव्ह्रीज आणि चेंग या संशोधकांनी 1997 साली याच पुराव्यांवरून ही प्रथिने स्वतंत्रपणे घडल्याचे दाखवले. इतर जनुकांवरून काढलेल्या वंशवृक्षातही हे दोन गट एकमेकांपासून दूरच पडतात.

मला स्वतःला सर्वांत मोलाची वाटली ती डीएनएमधली नऊ अक्षरे. ट्रिप्सिनोजेनच्या पहिल्या इंट्रॉनच्या (प्रथिन घडताना गाळल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) आणि दुसऱ्या एक्झॉनच्या (राखल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) सीमेवर नेमका त्या त्रिकुटाचा संकेत आधीपासूनच होता आणि त्याच्याच प्रती पुन्हा पुन्हा निघून सगळी माळ तयार झाली, हे आपण तो तुकडा रंगवून दाखवलात, तेव्हा मुलांनी आपल्याला तीनदा मागे जायला लावले आणि आपण तिन्ही वेळा तितक्याच आस्थेने गेलात.

आता प्रात्यक्षिकात दोन प्रथिनांचे क्रम जुळले, की मुले आपणहून जनुकाचा क्रम मागतात. एका विद्यार्थिनीने हिमोग्लोबिन नसलेल्या आइसफिशमधील ग्लोबिन जनुकांचे अवशेष हा प्रकल्पाचा विषय घेतला आहे. तिचा मसुदा आपल्या नजरेखालून जावा, अशी तिची आणि माझीही इच्छा आहे, सवडीने कळवावे.

आपली कृतज्ञ,
प्राणिशास्त्राची एक अध्यापिका