आधी टायर वाचा, मग इंजिनाला हात लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कमी खर्चात गाडीची ताकद कशी वाढवावी, हा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख मी वाचला नव्हता. तो माझ्याकडे चालत आला. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेली बावीस वर्षं टर्निंगचं छोटं वर्कशॉप चालवतो. दोन लेथ, एक मिलिंग, कोपऱ्यात ग्राइंडर. परवा दुपारी विशी-बाविशीतली दोन पोरं पांढरी स्विफ्ट घेऊन दारात उभी. मोबाइलवर आपल्या लेखाचा फोटो. म्हणाली, "काका, ॲल्युमिनियममध्ये दहा एमेमचे चार स्पेसर करून द्या. आणि ह्या स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा कापायचा आहे. गाडी खाली बसली पाहिजे."

काम अर्ध्या दिवसाचं, पैसे रोख. तरी मी नाही म्हणालो. का म्हणालो, ते त्या दोघांना उभ्या-उभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

स्पेसर म्हणजे चाक आणि हब (चाक ज्यावर बसतं तो फिरता भाग) यांच्या मध्ये घालायची जाड चकती. चाक बाहेर येतं, गाडी रुंद दिसते. पण स्विफ्टचं चाक १२ मिलिमीटरच्या स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यांवर, नटांनी आवळलेलं असतं. आमच्या धंद्यातला साधा हिशेब असा, की बोल्टचा व्यास जेवढा, निदान तेवढी लांबी आट्यांनी धरलेली हवी. स्टड मूळचेच ठेवून मध्ये १० मिलिमीटर घुसवलं, तर नट किती आट्यांवर राहिला? दिसायला आवळलेला, पाना लावला तर घट्टही लागेल. गाडी किणी टोलनाका ओलांडून शंभरावर गेली की त्या दोन-चार आट्यांवर काय येतं, ते मोजायला तिथं कोणी नसतं.

स्प्रिंगचंही तसंच. टोकाचा वेढा बुडाच्या वाटीत बसावा म्हणून मुद्दाम तसा वळवलेला असतो. तोच कापला तर स्प्रिंग वाटीत बसत नाही, चाक खड्ड्यात गेलं की सैल पडते, आणि मूळ उंचीच्या मापानं बनवलेला शॉकॲब्सॉर्बर बिचारा वर्षभरात गळायला लागतो. पूर्वी एकदा मी अशा स्प्रिंगा कापून दिल्या आहेत. ती गाडी पुन्हा माझ्या दाराशी आली नाही, एवढंच मला माहीत आहे, आणि ते मला अजून बरं वाटत नाही.

आता मी कोणी साधुसंत नाही, हेही सांगितलं पाहिजे. २०२१ मध्ये मी फोक्सवॅगनची सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय घेतली. २०१६ची, ४८ हजार किलोमीटर झालेली. चाकणमध्ये बनलेली, १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे इंजिनाच्या पिळाचा जोर), सात गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी गिअरबॉक्स. आमच्यासारख्या माणसाच्या खिशाला झेपणारी आणि तरीही पाय दाबला की पाठ सीटला टेकवणारी गाडी. पण माणसाला पुरतं थोडंच! तीन महिन्यांत मी ३५ हजार रुपये मोजून तिचं रिमॅपिंग करून घेतलं.

रिमॅपिंगची जादू अशी. टर्बो इंजिनात हवा दाबून भरलेली असते. किती दाबायची, पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, हे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. भेसळीचं पेट्रोल, मे महिन्यातलं ऊन, घाटातली चढण, सर्व्हिसिंग चुकवणारा मालक, हे सगळं धरून कंपनी त्यात हात राखून ठेवते. रिमॅप करणारा तो राखलेला हात काढून घेतो. मला १३० च्या आसपास अश्वशक्ती आणि सव्वादोनशेच्या घरात टॉर्क सांगितला होता. ह्या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सची टॉर्क पेलायची मर्यादा २५० न्यूटन मीटरची, म्हणजे कागदावर सगळं बसत होतं. आणि खोटं कशाला बोलू, मजा आली. हायवेला ट्रक ओलांडताना जिथं आधी मनात हिशेब करावा लागायचा, तिथं पायाचा नुसता अंगठा टेकवायचा.

आपल्या लेखात एक गोष्ट राहून गेली आहे. ही जादू टर्बोची. त्या पोरांच्या स्विफ्टला टर्बो नाही. १.२ लिटरच्या साध्या इंजिनात हवा स्वतःच्या ओढीनं येते, ८३ अश्वशक्तीत रिमॅपनं चार-पाचची भर पडली तर खूप. महागडा एअर फिल्टर आणि जाड नळीचा सायलेन्सर लावून जे वाढतं तो मुख्यतः आवाज. आमच्या गल्लीत रात्री साडेअकराला असा एक आवाज जातो. कानाला तो दीडशेचा वाटतो, काटा साठावर असतो.

तर माझ्या पोलोचं पुढं काय झालं ते. मे २०२२. बायको, सासूबाई आणि धाकटी मुलगी यांना घेऊन कणकवलीला सासुरवाडीला निघालो होतो. गगनबावड्यापर्यंत मी खुशीत. तिथून करूळ घाट उतरायला लागलो. वळवाचा शिडकावा नुकताच पडून गेला होता. वळणातून बाहेर येताना जरा पाय दिला की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकायचा आणि गाडी दबायची. पुढची चाकं घसरत होती आणि गाडीतली यंत्रणा इंजिनाची ताकद कापत होती. म्हणजे ३५ हजार देऊन विकत घेतलेली ताकद गाडीच मला परत करत होती.

पाचव्या-सहाव्या वळणावर ब्रेकचं पेडल मऊ लागलं. स्पंजावर पाय ठेवल्यासारखं. पुढच्या वळणाला ते आणखी खाली गेलं. मी हँडब्रेक ओढत, गिअर खाली घेत गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला टेकवली. पुढच्या चाकांतून धूर, जळक्या क्लचसारखा वास. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्यांनी हातातली पिशवी ज्या तऱ्हेनं छातीशी धरली होती ती मला अजून दिसते. बायको पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघाली, तिला ओरडूनच थांबवलं. तापलेल्या बिडाच्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वेडीवाकडी होते, तडकतेसुद्धा. बीड मी रोज हाताळतो, तेवढं तरी मला कळत होतं.

मागून एक वडापची जीप आली. ड्रायव्हर उतरला, वास घेतला आणि म्हणाला, "पावनं, ब्रेक चोळत उतरायचा घाट हाय व्हय ह्यो? दुसऱ्यात टाका की!"

बरोबर होतं त्याचं. ऑटोमॅटिक गाडी 'डी'मध्ये ठेवून मी उतरत होतो. पेट्रोल वाचवण्यासाठी ती आपणहून वरचा गिअर घेते, इंजिनाचा अटकाव मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लिव्हर मॅन्युअलला ओढून दुसऱ्या गिअरात सोडायला हवी होती. अर्धा तास थांबून पुढं तशीच उतरवली.

कणकवलीत मेस्त्रीनं ब्रेक ऑइलची टाकी उघडून दाखवली. नवं ऑइल पिवळसर, पारदर्शक असतं, माझं कोऱ्या चहासारखं काळपट होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओलावा प्यायलेल्याची मर्यादा १५५ वर येते. घाटात ते उकळलं, नळीत वाफेचे बुडबुडे झाले, आणि माझा पाय ते बुडबुडे दाबत होता. दर दोन वर्षांनी बदलायची गोष्ट. खर्च हजाराच्या आत-बाहेर. मी ३५ हजार खर्चताना तिच्याकडे बघितलंही नव्हतं.

मग मेस्त्रीनं बॅटरी घेऊन टायरच्या बाजूला उजेड पाडला. तिथं चार आकडे होते, ४७१५. म्हणजे २०१५ सालच्या ४७व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून मी निर्धास्त होतो. पण रबर इतकं कडक झालं होतं की नखाची खूण उमटेना, आणि बगलेला बारीक चिरा. लेथवर मी शतांश मिलिमीटरची चूक पकडतो, आणि गाडीच्या चारही चाकांवर लिहिलेली तारीख मला वाचता आली नव्हती.

त्यानंतरचा माझा खर्च असा. मूळ मापाचे, १८५/६० आर १५चे चांगल्या पकडीचे चार टायर, २४ हजार. ब्रेक ऑइल आणि पुढचे पॅड. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, फुटलेले रबरी बुश आणि मागचा एक गळका शॉकॲब्सॉर्बर. शेवटी अलाइनमेंट. यातल्या एकाही गोष्टीनं अश्वशक्ती वाढली नाही. पण त्याच घाटात पुढच्या वर्षी गेलो तेव्हा गाडी जणू दुसरीच होती. वळणात स्टिअरिंग जिथं धरलं तिथं जात होती. रिमॅप मी काढून मूळचा करून घेतला, कारण विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात आडवा येतो आणि कळवण्याची माझी छाती नव्हती. ते ३५ हजार गेले ते गेले.

वेग ८० वरून १०० केला, तर गाडी थांबवताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. वेगाचा वर्ग, शाळेतलंच गणित. कंपन्यांना ते पाठ असतं. फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो आली, तेव्हा तिला चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले होते. २०१७च्या बलेनो आरएसला टर्बो इंजिन दिलं, तर मागच्या ड्रमच्या जागी डिस्क आल्या. ताकद वाढवताना त्यांनी ब्रेक बदलले. आपण मात्र ताकद वाढवतो आणि ब्रेक देवाच्या हवाली करतो. नुसत्या ताकदीनं सगळं होत नाही, हे शर्यतीतही दिसतं. २०१० मध्ये भारतात पोलो गाड्यांची पोलो कप ही शर्यत सुरू झाली, त्यात सगळ्यांना एकसारख्या गाड्या असायच्या. तरी कोणीतरी पहिला यायचा आणि कोणीतरी शेवटचा.

अलॉय व्हीलबद्दल फक्त माझ्या भाच्याचं सांगतो. त्यानं स्विफ्टचे १८५/६५ आर १५ काढून २०५/४५ आर १७ घातले. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहिला, पण रबराची भिंत १२० मिलिमीटरवरून ९२ वर आली. सांगली रस्त्यावरच्या पहिल्याच पावसाळ्यात दोन रिम वाकल्या. त्या सरळ करायला माझ्याकडेच घेऊन आला!

कायद्याचंही आपल्या लेखात एक वाक्य असायला हवं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता, कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज वाढावा म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, काढून टाकणारेही आमच्या भागात आहेत. त्यांची पीयूसी कशी निघते, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

पोरांनी गाडीची हौस करू नये, असं माझं म्हणणं नाही. मी आजही रविवारी पहाटे पन्हाळ्याला एकटाच जाऊन येतो, काम काही नसतं. माझी विनंती इतकीच, की पुढच्या वेळी अशा लेखाबरोबर टायरच्या बगलेवरच्या त्या चार आकड्यांचा एक मोठा फोटो छापा.

त्या दोघांना मी स्पेसर दिले नाहीत, पण जाण्याआधी त्यांच्याच गाडीपाशी वाकायला लावलं. एकानं मोबाइलचा उजेड धरला, दुसऱ्यानं वाचलं. पुढचे दोन टायर २०१७च्या डिसेंबरातले, म्हणजे गाडीबरोबर आलेले. मागच्या डाव्या टायरवर तारीख सापडेना. ती आतल्या बाजूला होती, आणि तिथं एक कापडी फोड आली होती, लिंबाएवढी. दोघं बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकानं विचारलं, "काका, स्टेपनी चालेल का घरापर्यंत?" जॅक माझ्याकडचाच दिला.

आपला वाचक,
एक लेथवाला, उद्यमनगर, कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)