पत्रकावरचे जंगल : मित्रास पत्र

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. मी विजेवर चालणारी गाडी घेतल्याचे कळल्यावर तू लिहिलेस, ‘शेवटी तूही पर्यावरणवाल्यांच्या कळपात गेलास; आता आम्हा पेट्रोलवाल्यांना पापी ठरवशील.’ तू ते थट्टेने लिहिले असशील, पण मला ते लागले. हाच समज मी इथे बँकेत, बाजारात, लग्नघरी इतक्यांदा ऐकला आहे की तो थट्टेवारी नेणे आता जमत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी पाहायला गेलो तेव्हा विक्रेत्या मुलाने एक गुळगुळीत पत्रक हातात दिले. त्यावर दाट जंगलातला रस्ता, दोन्ही बाजूंनी कमान धरलेली झाडे, मधोमध पांढरी गाडी आणि वर ठळक अक्षरांत ‘शून्य प्रदूषण’. ‘सर, तुम्ही झाडांसाठी धडपडता, तुम्हाला हीच गाडी शोभते,’ असे तो म्हणाला. मुलगा भला होता, दोष त्याचा नाही. पण ते चित्र पाहताना मला आपला खानापूरचा रस्ता आठवला. शाळेत असताना ज्या सावलीतून आपण सायकली हाकल्या ती दुतर्फा जुनी झाडे रुंदीकरणात गेली, आणि तशीच कमान छापून मला गाडी विकली जात होती. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

पत्रकात एका चार्जिंगमध्ये चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर लिहिले होते. आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी, आणि तिचा खुलासा पानाच्या तळाशी, कागद डोळ्यांजवळ धरल्याशिवाय वाचता येऊ नये अशा बारीक अक्षरांत. हा आकडा कुठून येतो हे तुला सांगायला नको. तू रोज पहाटे पुण्यातल्या ज्या वेताळ टेकडीवर फिरायला जातोस तिथेच गाड्यांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था आहे. गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या क्रमाने कमी-जास्त वेगात चालवतात, वेग ताशी ९० किलोमीटरांच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. एका गाडीची दुसरीशी तुलना करायला ही पद्धत योग्य आहे, आणि तेवढ्यापुरता आकडाही खरा आहे. तो जणू महामार्गावरचा अनुभव म्हणून छापला जातो, हे मला खटकते. गेल्या मे महिन्यात आम्ही चौघे एसी लावून कोल्हापूरला जाऊन आलो. बॅटरी पूर्ण भरून निघालो होतो. परत येताना काकतीजवळ २१० किलोमीटर झाले तेव्हा २२ टक्के उरले होते. म्हणजे सगळे मिळून सुमारे २७० किलोमीटर. माझे भागले, पण पत्रकावर विसंबून वाटेत कुठेच न थांबण्याच्या बेताने निघालेल्या माणसाचे काय होईल? (चोर्ला घाट उतरताना मात्र बॅटरी दोन टक्के वाढलेली मी स्वतः पाहिली. ते पाहताना फार आनंद झाला. चढताना घाट ते सव्याज वसूल करतो.)

‘शून्य प्रदूषण’ या शब्दांचाही हिशेब मी मांडून पाहिला. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. माझी जुनी गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देत असे, म्हणजे किलोमीटरला दीडशे ग्रॅम. आपल्या देशात एका युनिट विजेमागे सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि चार्जिंगमधली गळती धरून ही गाडी युनिटला सहा किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला सुमारे ११५ ग्रॅम. बॅटरी बनवतानाचा धूर यात नाही, तसाच पेट्रोल शुद्ध करतानाचाही नाही. सौंदत्तीकडच्या माळावर पवनचक्क्या फिरतात, पावगड्याला मोठा सौरप्रकल्प आहे. पण मी गाडी रात्री चार्जिंगला लावतो, तेव्हा सूर्य नसतो आणि रायचूरच्या वीजकेंद्रात कोळसा जळत असतो. टिळकवाडीच्या रस्त्यावर धूर नाही ही मोठी गोष्ट आहे, आणि वीज जसजशी स्वच्छ होईल तसतशी हीच गाडीही स्वच्छ होत जाईल. म्हणूनच मी ती घेतली. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. ब्रिटनमध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये याच शब्दांवरून मोटारींच्या जाहिरातींना हरकत घेतली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्याकडेही पर्यावरणाच्या नावाने केलेल्या फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक नियम आले.

आता तुझ्या ‘पर्यावरणवाल्यां’विषयी. तुझ्या डोळ्यांसमोर शबनम पिशवी अडकवलेला, इंग्रजी बोलणारा, विकासाला विरोध करणारा शहरी माणूस असावा. माझ्या डोळ्यांसमोर कणकुंबीकडचे एक सत्तरीचे शेतकरी येतात. रस्त्याकडेच्या झाडांची मोजणी केली तेव्हा ते कमरेला कोयता लावून, एका हातात चुन्याचा डबा घेऊन आमच्या पुढे चालले होते. प्रत्येक बुंध्यावर हात ठेवून झाडाचे नाव आधी मराठीत, मग कन्नडमध्ये सांगायचे आणि मगच चुन्याचा पट्टा ओढायचे. त्यांच्याकडे एक जुनी, धूर ओकणारी मोटारसायकल आहे. म्हादई जिथे उगम पावते त्या डोंगरांविषयी बोलण्याचा त्यांचा अधिकार त्या धुराने कमी होतो, असे तू त्यांच्यासमोर म्हणू शकशील का? त्यांना डांबरी रस्ताही हवा आहे, कारण पावसाळ्यात त्यांच्या सुनेला बाळंतपणासाठी डोलीतून आणावे लागले होते. रस्ता हवा आणि झाडेही हवीत, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

जाहिरात मला सांगते की ही गाडी घे म्हणजे तू सोवळा झालास. आणि तुझा टोमणा सांगतो की सोवळा नसशील तर झाडांविषयी बोलू नकोस. दोन्हीकडे एकच समजूत आहे, पर्यावरण म्हणजे ज्याच्या-त्याच्या अंगावरचे सोवळे. अरे, २०२३ मध्ये तुझी तीच टेकडी वाचवण्यासाठी मोर्चा निघाला तेव्हा गुडघा दुखत असूनही तू त्यात चाललास, हे वहिनींनीच मला सांगितले होते. तेव्हा तू कोणत्या गाडीतून आलास हे कोणी विचारले होते का?

मी त्या कंपनीला एक पत्र लिहितो आहे. चाचणी कोणत्या वेगाने झाली आणि एसी बंद होता की चालू, हे आकड्याशेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे, आणि ‘शून्य प्रदूषण’ऐवजी ‘चालताना धूर नाही’ असे लिहावे, एवढ्या दोनच मागण्या त्यात आहेत. तू मोटारींच्या सुट्या भागांच्या धंद्यात आयुष्य काढलेस. चाचणीविषयी माझ्या हातून काही चुकीचे लिहिले गेले असेल तर तुझ्या लगेच लक्षात येईल. मसुदा सोबत ठेवला आहे, लाल शाईने दुरुस्त करून परत पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता