बाबांचा श्वास

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू बोलता बोलता म्हणालीस, "हे घोरता घोरता मधेच गप्प होतात, मग पुन्हा घोरेपर्यंत माझा डोळा लागत नाही." ते काही डोक्यातून जाईना. म्हणून बाबांचा श्वास झोपेत थांबतो का, हे टिपणारं छोटं यंत्र बनवतेय; गेले तीन रविवार सोल्डरिंग करत बसलेय.

नाकाखाली थर्मिस्टर चिकटवायचा, एवढीच कल्पना. बाजरीच्या दाण्याएवढा मणी, गरम झाला की त्याचा विजेला होणारा रोध कमी होतो. आपण आत घेतो ती खोलीतली हवा, सोडतो ती सुमारे ३४ अंशांची. जोडीला १० किलोओहमचा रेझिस्टर लावून तार आर्डुइनो नॅनोला, म्हणजे एका बोटभर कॉम्प्युटर-बोर्डला दिली. त्यावर ० ते १०२३ मधला आकडा येतो. माझा ५०० च्या आसपास असतो, श्वास सोडला की वीसेक अंकांनी हलतो. आधी पाण्याचं तापमान मोजायचा, स्टीलच्या नळीतला सेन्सर आणला होता. स्टील तापेपर्यंत दोन-तीन श्वास होऊन जायचे, पडद्यावर सरळ रेघ. उघडा बारीक मणी लावला आणि लाटा उमटल्या. माझ्याच श्वासाच्या, मिनिटाला १४! कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. सगळा खर्च ५०० रुपयांच्या आत.

१० सेकंद लाट आली नाही की नोंद होते. बझर मुद्दाम लावला नाही. आई, नाहीतर तू त्याच्यासाठी जागशील.

पण अकोल्याचा उन्हाळा! आपली वरची खोली मे महिन्यात रात्रीसुद्धा ३४ वर असते. मग आतली-बाहेरची हवा सारखीच, आणि श्वास नीट चालू असताना यंत्र म्हणेल, थांबला. पोटाला पट्टा बांधून हालचाल मोजावी, तर झोपेत घसा मिटला तरी पोट हलतच राहतं. दवाखान्यातल्या झोपेच्या तपासणीत नाक, छाती, पोट, रक्तातला ऑक्सिजन सगळं एकदम बघतात, ते याचसाठी.

म्हणून बाबा, यंत्राने काहीही दाखवलं तरी सोमवारी आपण डॉक्टरांकडे जायचंय. "आमच्या घरात सगळेच घोरतात" हे या वेळी चालणार नाही. मला भीती वाटते, खरंच.

शुक्रवारी महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघतेय. यंत्र पॉवर बँकेवर चालतं, शॉकची काळजी नको. आई, त्या दोन रात्री मी बाबांच्या खोलीत बसेन, तू माझ्या खोलीत झोप. आणि बाबा, चिकटपट्टी नीट बसायला मिशी थोडी कातरून ठेवाल?

तुमची,
मनू