क्लाउनफिशचं पोट आणि घरचा श्रावण

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीला 'श्रीमंतांचा शौक' म्हटलंय. टाकी, दिवे, मीठ महाग आहेत, कबूल. पण लेखकाने माशांचं खाणंही त्याच हिशेबात ओढलं, ते पटलं नाही. मी रेल्वेतला निवृत्त गार्ड, मुक्काम भुसावळ. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेने चारशे किलोमीटरहून लांब. तरी चार वर्षं क्लाउनफिशची जोडी पेन्शनीत पोसतोय.

सुरुवातीला मीही मुंबईच्या एका दुकानातून आर्टेमियाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक झिंग्यासारख्या जिवांच्या, गोठवलेल्या वड्या मागवल्या. आल्या तेव्हा वड्या कुठल्या, एकदा वितळून पुन्हा गोठलेला तपकिरी गोळा. सौ.ने वासानेच डबा अंगणात नेऊन ठेवला. मग काटकसर म्हणून गोड्या पाण्यातल्या कटल्याचे तुकडे घातले. मासे तुटून पडायचे, पण पाच महिन्यांत केशरी रंग विटला आणि पाठी बारीक झाल्या. समुद्री माशांना लागणारी ओमेगा-३ स्निग्धाम्लं त्यांच्या अंगात पुरेशी तयार होत नाहीत, ती समुद्रातल्याच खाण्यातून मिळावी लागतात. हे मला उशिरा कळलं. आठवडी बाजारातली सुकटही करून पाहिली. ती वर तरंगते, मासे तोंडात घेऊन थुंकतात.

आता मी पाव किलो बारीक झिंगे आणतो, मिळाली तर एखादी म्हाकूळ. डोकं, साल, पाठीतला काळा दोरा काढायचा आणि तांदळाच्या कणीएवढं सुरीने चिरायचं. मिक्सर नको, रस सुटून टाकी गढुळते. चहाच्या गाळणीत धुऊन, पिशवीत पापडासारखं पातळ पसरून फ्रीजरमध्ये ठेवायचं. रोज चिक्कीसारखा नखाएवढा तुकडा मोडायचा. दोन माशांना पाव किलो दोन महिने सहज जातं. नुसते झिंगेही नकोत, म्हणून मधूनमधून बिनमिठाच्या नोरी शेवाळाचा चुरा आणि माशांच्या कोरड्या दाणेदार खाद्याची एक छोटी डबी. बस्स.

खरं नुकसान होतं ते जास्त घातल्याने. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं, असा आमचा ठोकताळा आहे. उरलेलं कुजून अमोनिया होतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, त्यात वीज गेली की पाणी तापतं, आणि तापल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. त्या दिवशी मी अर्धंच घालतो, कधी उपास. पूर्ण वाढलेल्या माशाला एका दिवसाने काही होत नाही.

अडचण पावसाळ्याची. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी, पाठोपाठ श्रावण. आमच्या फ्रीजरमध्ये तेव्हा झिंग्यांना बंदी, म्हणून पिशवी शेजारच्यांकडे जाते. त्यांचा फ्रीजर बंद पडला त्या वर्षी मी उलट्या बाटलीत मिठाचं पाणी आणि हवेची नळी घालून आर्टेमियाची अंडी उबवली. इथल्या उकाड्यात दिवसभरात पिल्लं निघतात आणि टॉर्च धरला की एका बाजूला गोळा होतात. ही अंडी श्रावणात चालतात का, असं सौ.ने विचारलं. मी विषय बदलला.

पुढच्या लेखात खाण्याचा खर्च वेगळा मांडावा, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त गार्ड, भुसावळ