बहिणीचं नाव ‘इतर हक्कां’त का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

8 मार्च आला की महाविद्यालयांत स्त्री-पुरुष समतेवर निबंध आणि पथनाट्ये होतात. होऊ द्यात. पण त्याच तरुणांनी घरचा सातबारा एकदा मोबाइलवर उघडून पाहावा, शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर तो फुकट दिसतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत विरळणीला बायका राबतात; सातबाऱ्याच्या कब्जेदार (म्हणजे मालकाच्या) सदरात त्यांची नावे किती, ते मोजावे.

राज्याने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, पण तेव्हा लग्न झालेल्यांना वगळून. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने ती अट गेली. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. तरी गावात ‘लग्नात दिलं की सगळं’ हेच चालते.

घोळ होतो तो वारसाच्या वर्दीत. वडील वारले की तीन महिन्यांत तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला, आठ-अ (खातेउतारा), वंशावळ आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र द्यायचे असते. तिथेच मुली गाळल्या जातात. नाहीतर नाव लागते, पण मालकाच्या सदरात नव्हे, सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त. नाव दिसते, नावापुढे क्षेत्र नसते. मग पीककर्ज नाही, आणि सिन्नर-इगतपुरीसारखे उद्या रस्त्याला भूसंपादन निघाले तर मोबदल्याची नोटीस भावाच्याच नावे. फेरफारावर (नाव बदलाच्या नोंदीवर) हरकतीला पंधरा दिवस मिळतात, पण नोटीस माहेरच्या पत्त्यावर गेली तर ती उघडणार कोण? म्हणून प्रतिज्ञापत्रात बहिणीचा सासरचा पत्ताच लिहावा. नोंद मंजूर झाली असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील, उशीर झाल्यास सोबत विलंबमाफीचा अर्ज.

भाऊबीजेला आलेल्या बहिणीकडून जाता जाता हक्कसोडीवर, म्हणजे वाटा सोडल्याच्या दस्तावर, सही घेणारेही आहेत. तलाठ्यापुढचा तोंडी जबाब म्हणजे हक्कसोड नव्हे, ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. एकदा नोंदवली की मोडायला दिवाणी दावाच. तेव्हा सहीआधी दस्तातले गट नंबर आणि क्षेत्र बहिणीने स्वतः वाचावे. घाईत एका गटाऐवजी सगळेच गट जातात.

भावांनीही हे समजून घ्यावे. वगळलेल्या वारसाची हरकत पुढे विक्रीच्या वेळी उभी राहते, गिऱ्हाईक मागे फिरते. (पेठ-सुरगाण्यातल्या आदिवासी मुलींना मात्र हिंदू वारसा कायदाच लागू नाही. तो वेगळा, आणि मोठा, प्रश्न आहे.)

विवाहित तरुणांना तर वारसनोंदीची वाटही पाहायला नको. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर शासनाने 1992 मध्येच पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहखातेदार म्हणून लावण्याची सोय केली आहे. ती वापरणारे विरळाच.

2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांच्या जागी वारसांच्या नोंदी घेतल्या गेल्या. आता नाशिक जिल्ह्यात ‘इतर हक्कां’त अडकलेल्या मुलींच्या नावांची गावनिहाय यादी करून चावडीवर लावावी आणि तलाठ्यांनी त्यांना सासरच्या पत्त्यावर कळवावे, अशी मागणी आहे.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक