रंकाळ्यावरच्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, तुमच्या नातीला वाचून दाखवायला सांगणार आहे.

मागच्या वर्षी स्पर्धेत माझं चित्र सिलेक्ट झालं नाही, तेव्हा मी ब्रश बॉक्समध्ये टाकून माळ्यावर ठेवून दिले होते. त्याच्या आधीपण काय, चित्र अर्धं झालं की फोटो काढायचा, टाकायचा आणि लाईक बघत बसायचं, आणि लाईक कमी आले की तेच चित्र मला घाण वाटायला लागायचं. असाच एकदा सकाळी चौपाटीवर बसलो होतो आणि तुम्ही शेजारी येऊन विचारलंत, "कुणाला दाखवायला काढायलाईस रं?" मला उत्तरच देता आलं नाही.

मग तुम्ही महिनाभर रोज एकच, रंकाळा तलावातला तो जुना दगडी संध्यामठ, वॉटरकलरमध्ये काढायला लावलात. फोटो नाही, मागं फक्त तारीख लिहायची. पहिल्या आठवड्यात कंटाळा आला, खरं सांगतो. आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, ओला असतानाच मी परत ब्रश घालायचो, पाणी रंगाला ढकलायचं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठायचा. तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात, "आरं वाळू दे की त्याला, तू बघ नुसतं." मग बघत बसलो. अल्ट्रामरीनचा निळा आणि बर्न्ट सिएनाचा तपकिरी एकमेकांत शिरून दगडाचा करडा रंग आपोआप होत होता, कागदाची चमक हळूहळू जात होती, आणि तेवढ्या वेळात मठाची पाण्यातली सावली पण सरकली होती. इतकी वर्षं मी हे कधी बघितलंच नव्हतं, कारण माझं लक्ष चित्र संपवण्यात असायचं.

चित्रकार आबालाल रहिमानांचं तुम्ही सांगायचा, मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला माणूस, पण आपल्या कोल्हापुरातली तळी आणि झाडं काढत राहिला. १९३१ ला ते गेले, आणि अजून तुम्ही त्यांच्या चित्रातल्या पाण्याबद्दल बोलताना आवाज खाली आणता.

त्या तीस चित्रांतली चार-पाचच बरी आहेत, पण एकही फाडलेलं नाही. एकोणिसाव्या दिवसाचं तर सगळं बिघडलंय, पावसाचे थेंब पडलेत त्याच्यावर, आपण दोघं टपरीखाली पळालो होतो बघा. तेच मी टेबलासमोर लावलंय.

तुमचा गुडघा बरा झाला की कळवा. पाण्याचा डबा आणि स्टूल मी आणतो, तुम्ही फक्त या.