ओंक्याच्या गाडीतला आवाज

मिरज
शनिवार, रात्री

प्रिय विन्या,

फोनच केला असता, पण फोनवर तू "काय? काय?" करत बसतोस, मी ओरडतो आणि आमच्या हिला वाटतं आपलं पुन्हा बिनसलं. म्हणून लिहितोय. इकडे सगळं ठीक. शुगर आहे तिथेच आहे, आईचे गुडघे ती सांगते तितके वाईट नाहीत. झालं.

ताईच्या ओंक्यानं जुनी स्विफ्ट घेतली हे तुला कळलं असेलच, ताईनं अख्ख्या जिल्ह्याला कळवलंय. गाडी हातात आल्या आल्या पठ्ठ्या एका दुकानात गेला आणि चारही दारांत नवे स्पीकर बसवून आला. खोक्यावर ही मोठी अक्षरं: ३६० वॅट. आणि रविवारी तोंड पाडून आमच्या दारात उभा. "मामा, आवाज पहिल्यापेक्षा बारीक झालाय."

मला हसू आवरेना. ३६० वॅट लावून आवाज कमी झाला, यातली गंमत या गावात मी कुणाला सांगू? ही म्हणाली, खराब निघाले असतील, बदलून आण म्हणावं.

खोकं मागवलं. मागच्या बाजूला, चष्मा लावल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत, आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे, ६० वॅट आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटला मीटरभरावर किती आवाज, ती ८६ डेसिबल. बघ आता! जाड रबर, जड कोन, मागे हे भलं मोठं मॅग्नेट. हातात घेतलं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. आणि ओढणार कोण, तर डॅशबोर्डातला डेक. दुकानदारानं त्याला सांगितलेलं, डेक पन्नास गुणिले चार आहे, म्हणजे दोनशे वॅट.

मग कागद घेऊन बसवलं त्याला. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट धर, स्पीकर चार ओमचा, म्हणजे विजेला त्याचा तेवढा अडथळा. व्होल्टचा वर्ग भागिले चार, आले बावन्न. हेच ते खोक्यावरचे पन्नास. पण ते कधी मिळतात? आवाजाची लाट वरून-खालून कापली जाऊन पार चौकोनी होते तेव्हा. म्हणजे गाणं गेलं, खरखर राहिली आणि वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, ट्वीटर, जळायच्या वाटेवर. स्वच्छ आवाजाला याच्या निम्मे, सव्वीस, आणि डेकमधली ॲम्पची आयसी स्वतः खाते ते वजा जाता अठरा-वीस. "मग खोकं खोटं बोलतं?" म्हणाला. म्हटलं, खोटं नाही रे, लग्नाच्या बायोडेटात पगार लिहितात तसं.

कंपनीचे काढलेले स्पीकर त्यानं डिकीत टाकून दिलेले. कागदी कोन, मॅग्नेट एवढंसं, पण हलके. त्या वीस वॅटांत टणटणीत बोलायचे. मी त्याला म्हटलं, ९२ डेसिबलचा स्पीकर बघ. ८६ आणि ९२ मध्ये सहाचा फरक, आणि दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट, म्हणजे याच डेकवर चौपट वॅट लावल्याचा आवाज फुकटात. फक्त तो ९२ एका वॅटला मोजलाय का २.८३ व्होल्टला, ते वाच. चार ओमवर २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॅट होतात, तीन डेसिबल तिथेच कागदावर चढतात.

इथं तू नाकपुड्या फुगवल्यास ते मला मिरजेतून दिसलं. "आधी ॲम्प्लिफायर!" माहीत आहे रे बाबा. आबांचा तो जुना अहुजाचा ॲम्प आठव. चाळीस वॅट म्हणायचे. दोन कर्णे वडावर चढवले की वाडीतल्या म्हाताऱ्या काकडआरतीला आपोआप जाग्या. ती करामत मशीनची नव्हती, कर्ण्याची होती, हे मी तेव्हाही सांगत होतो. तू मात्र विसर्जनाला भाड्यानं मोठा ॲम्पच पाहिजे म्हणून अडून बसलास, पम्याला फितवलंस, वर्गणीतले पैसे... जाऊ दे. तो हिशोब पम्यालाही लागलेला नाही.

आता पुढचं ऐक. नुसता आवाज लहान असता तर मी ८६ वर खापर फोडून मोकळा झालो असतो. पण गाडीत बसलो तर बास गायबच. गाणारा कुठं उभा आहे तेच कळेना, आवाज डोक्यात घुमल्यासारखा. पुढच्या दोन्ही दारांची पॅनल काढली. कपलर न वापरता वायरी कापून, पिळून, वर टेप. पेन्सिल सेल घेतला, वायरीच्या टोकांना टेकवला. उजवा कोन टक्कन बाहेर आला. डावा त्याच वायरींवर आत गेला. एक ढकलतोय, दुसरा ओढतोय, बास राहणार कुठून? डाव्याची प्लस-मायनस बदलली आणि ढोल दारात आला. ओंक्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तू असतास तर म्हणाला असतास, "याचे दोनशे घ्या."

बरं, त्याच्या डोक्यात आणखी एक खूळ होतं. डिकीत दोन ओव्हल स्पीकर टाकायचे आणि मागच्या दारांच्याच वायरींना जोडायचे. चार आणि चार समांतर, झाले दोन ओम. डेकवर स्पष्ट लिहिलंय ४ ते ८ ओम. थोडा वेळ जोरात वाजेल, मग आयसी तापून गप्प. तेवढं मी चालू दिलं नाही.

इथपर्यंत सगळं सोपं. दुकानदार आता ॲम्प्लिफायर घ्या म्हणतोय, दर स्पीकरला पन्नास वॅट आरएमएसचा. बॅटरीजवळ फ्यूज, जाड वायर, हे सगळं मी रविवारी दुपारपर्यंत बसवून देईन. विसाचे पन्नास झाले की चार डेसिबल वाढतात आणि खरखर जाते. तुझी बाजू मी सोडली नाही, बघ. ९२ चे स्पीकर आणि वर ॲम्प, मिळून दहा. म्हणजे कानाला सरळ दुप्पट. पोराला हवा तेवढा आवाज मी काढून देऊ शकतो. द्यावा का, हे ठरत नाहीये.

तो रोज शिरोली एमआयडीसीला जातो, जाऊन-येऊन दोन तास गाडीत. काचा बंद करून त्याच्या नेहमीच्या आवाजाला मोबाईलवरचं मीटर लावलं. ते काही प्रमाण नव्हे, तरी ९४ च्या आसपास दाखवत होतं. कानाचा हिशोब तुला तोंडपाठ आहे: ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास चालतात, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला एक तास. म्हणजे आत्ताच तो दुपटीवर आहे, आणि म्हणतोय बारीक आवाज. त्यात मी सहा घातले की १०० ला पंधरा मिनिटं. अंकलीचा पूल ओलांडून जयसिंगपूर यायच्या आत दिवसाचा कोटा संपला. जे तीन डेसिबल मिळवायला आपण आयुष्यभर वॅट दुप्पट करत आलो, तेच तीन तिकडं वेळ अर्धा करतात. आबांच्या मंडपात हे कुणी सांगितलं नव्हतं.

वहिनी मागं म्हणाल्या होत्या, तू थंडीतही रात्री पंखा मोठा करून झोपतोस, डाव्या कानातली शिट्टी ऐकू येऊ नये म्हणून. मला तू हे कधी सांगितलं नाहीस. डॉक्टरनं काय सांगितलं तेही वहिनींकडूनच कळलं, की आतल्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. आणि मी इथं भाच्याला सेन्सिटिव्हिटी शिकवतोय.

तूर्त मी एक शक्कल काढलीय. पॅनलमागे दाराचा पत्रा उघडा आहे, भोकंच भोकं. कोनाच्या मागचा आवाज तिथून पुढं येऊन बास खातो. ब्यूटाइल रबराची शीट चिकटवून ती बंद करणार. स्पीकरखालची एमडीएफची रिंग पावसात फुगते, ती काढून प्लास्टिकची टाकणार. डेकमध्ये हायपास, म्हणजे खालचे सूर अडवणारी गाळणी, लावणार म्हणजे दारांवरचा खालच्या बासचा भार हटेल. रस्त्याचा गोंगाट आत कमी आला की आवाजाचं बटण तेवढं फिरवावं लागणार नाही, अशी माझी आशा. ॲम्प्लिफायरला "मिळत नाही, ऑर्डर द्यावी लागते" सांगून ठेवलंय.

पण हे किती दिवस चालेल? म्हणून तुला कामाला लावतोय. त्याला तू लिही. मी सांगितलं तर मामाचं भाषण होतं, "तुम्ही नाही का वाजवलं?" म्हणतो. तुझं तो ऐकतो, लहानपणापासून. पंख्याचं लिही, शिट्टीचं लिही. डेसिबल-बिसिबल नको, ते मी घोटून घेतलंय.

तुझी बदली झाली का, का अजून लटकलंय? स्वानंदीची सीईटी कशी गेली? फ्लॅटचा ताबा मिळाला असेल तर कळव. दिवाळीला या सगळे, आई विचारत असते.

दारं पुढच्या रविवारी उघडणार आहे, त्याच्या आत पत्र येऊ दे. हायपास ८० हर्ट्झला ठेवू का १०० ला तेही लिही. मी ८० म्हणतोय, म्हणजे तू १०० म्हणणार.

तुझा,
सुऱ्या

ता. क. कंपनीचे स्पीकर मागच्या दारांत परत बसवतोय. हरकत असेल तर आत्ताच बोल, नंतर पम्याला मध्ये घालू नकोस.